आईची एक, बापाची एक

बाई, उचगावची ती मुलगी तुम्हाला आठवत असेल. धाकट्या भावाला रक्त चढत असताना खाटेच्या पायाशी बसून शाळेचा अभ्यास करायची आणि तुम्ही वॉर्डात आलात की दप्तर तिथंच टाकून तुमच्या मागोमाग प्रयोगशाळेपर्यंत यायची, ती. तिच्याबद्दल सांगायचं आहे. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली. एवढ्या काळात तुम्हाला काही लिहावं असं कधी मनात आलं नाही. आम्हा बौद्धांत गेलेल्या माणसासाठी वंदना म्हणतात, पुण्यानुमोदन करतात आणि आपापल्या कामाला लागतात; त्याच्याशी बोलत बसत नाहीत. पण गेल्या आठवड्यात वॉर्डात जे झालं ते सांगायला मला दुसरं माणूस सापडेना. विभागात आता हुशार मुलं आहेत, जनुकांतलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. ती मुलगी कोण, हे मात्र त्यांना पहिल्यापासून सांगावं लागेल, आणि तेवढं बळ माझ्यात नाही.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा तिशी उलटून गेली होती. गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारा मास्तर, रजा काढून संशोधन करायला आलेला. बाकीचे सगळे तुम्हाला मॅडम म्हणायचे. मी पहिल्या दिवशी दारात उभा राहून "बाई, आत येऊ का?" असं विचारलं, गावच्या शाळेत विचारायचो तसं, आणि सगळी प्रयोगशाळा हसली. तुम्ही सूक्ष्मदर्शकावरची मानसुद्धा वर केली नाहीत. "हसू नका रं. मॅडम ऐकून ऐकून कान किटल्यात माझे. ये आत." मग मला खालपासून वरपर्यंत बघून म्हणालात, "कॉलेजात जायाचं वय गेलं की तुझं. म्हाताऱ्या, शीर सापडती का हाताला?" तेव्हापासून प्रयोगशाळेत माझं नाव म्हातारा पडलं. आता पन्नाशीला आलोय, आणि त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलेलं नाही.

थॅलेसेमिया हा शब्द मी पुस्तकात वाचला होता, वर्गात एकदा फळ्यावरही लिहिला होता. वॉर्डात तो पहिल्यांदा पाहिला. पिवळट चेहऱ्याची, पोट पुढं आलेली मुलं. रक्त चढवलं की दोन-तीन आठवडे हुंदडणारी आणि मग पुन्हा पांढरी पडणारी. त्यांच्या अंगात रक्त टिकतच नाही, आणि ते का टिकत नाही याचं कारण त्यांच्या धडधाकट आईबापांच्या रक्तात लपलेलं असतं. आपण गावोगाव जाऊन ते कारण शोधायचो. आइसकांडीच्या कारखान्यातून बर्फ घ्यायचा, तो तुमच्या रुंद तोंडाच्या थर्मासात भरायचा आणि शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडायचं. पांढऱ्या कागदावर एक काळी रेघ, तिच्यापुढं काचेची नळी, नळीत मिठाचं पातळ पाणी आणि रक्ताचा थेंब. थोड्या वेळानं पाणी नितळ झालं आणि मागची रेघ दिसली, तर माणूस सुटला. गढूळच राहिलं तर त्याचं रक्त थर्मासात बसून आपल्याबरोबर कोल्हापूरला यायचं.

आणि मग लोकांना समजावून सांगायचं. ते तुम्ही जसं करायचात तसं मला अजून जमलेलं नाही. कुणाच्यातरी सोप्यात सगळी मंडळी बसली की तुम्ही उठून बाहेर जायचात आणि उंबऱ्याबाहेरच्या चपलांचे दोन जोड उचलून आत आणून सरळ सतरंजीवर मांडायचात. एक म्हातारी ओरडली होती, "अगं बया, चपला घरात आणतीस? डाक्टरीण हायस का कोण?"

"चावत्यात व्हय गं चपला? गप बघ हिकडं." तुम्ही मांडी घालून बसलात. "ह्या दोन आईच्या. ह्या दोन बापाच्या. पोराला आईची एक मिळती, बापाची एक. एक तुटकी असली तर माणूस बिनघोर चालतोय, जन्मभर कुणाला पत्ता लागत न्हाय. पण आईची बी तुटकीच आली आणि बापाची बी तुटकीच आली, तर पोरानं चालायचं कसं?"

"मग नवा जोड घ्यायचा की," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. तुम्हीही हसलात आणि म्हणालात, "बाजारात यिऊ दे रं बाबा. पैल्या रांगंत मीच उभी ऱ्हाईन."

मी नवा असताना एकदा त्या मुलीच्या आईला म्हणालो होतो, "काळजी करू नका, बरा होईल पोरगा." ती तेवढ्यावर पदरानं तोंड पुसून हसली. तुम्ही मला दंडाला धरून वॉर्डामागच्या नळापाशी नेलंत.

"काय सांगितलंस तिला?"

"धीर दिला, बाई."

"धीर दिलास व्हय? आता ती पुढच्या खेपंला यायची न्हाय. बरा होणार हाय म्हणून घरात बसंल, आणि पोरगं पांढरं पडलं की अंगारा लावंल. खोटंच ऐकायचं असलं तर लोकं देवऋष्याकडं जात्यात की. आपल्याकडं कशाला येतील?" मग तुम्ही आवाज खाली आणून विचारलंत, "सकाळी उठून पंचशील म्हणतोस न्हवं तू? चौथं काय हाय रं त्यात?"

खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं, असं मी सांगितलं.

"मग? सकाळी म्हणायचं आणि दुपारी मोडायचं?"

तुमचा कुठल्याच देवाधर्मावर विश्वास नव्हता, आणि तरी माझं शील त्या दिवशी तुम्ही माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलंत. त्या नळाशी उभं राहून मी ठरवलं, की ह्या बाईसमोर आणि ह्या मुलांसमोर पुन्हा असं बोलायचं नाही. घरी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं. कुणीतरी कान धराय पायजेच."

कसबा बावड्यातलं तुमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. गळिताचा हंगाम चालू असला की खिडकीतून साखर कारखान्याच्या मळीचा उग्र वास यायचा आणि तुम्ही एकट्याच ओट्यापाशी उभ्या राहून नकाशासारख्या वाकड्यातिकड्या भाकरी थापायचात. पहिल्यांदा आलो तेव्हा मी दाराशीच थांबलो. सवयीनं. तुम्ही मागं वळून बघितलंत, सगळं समजलात आणि चिडून म्हणालात, "आत ये की. तव्यावरची उलथ, माझे हात भरल्यात." त्या दिवशी तुमच्या तव्यावरची भाकरी मी उलथली. जेवताना तुम्ही म्हणालात, "माणसं अडाणी नसत्यात रं म्हाताऱ्या. त्यास्नी कुणी नीट सांगितल्यालं नसतंय. सांगितलं की करत्यात." बाई, तुमचा हाच एक देव होता. मी रोज बुद्धापुढं हात जोडायचो, तुम्ही ह्या एका वाक्यापुढं. त्यावर आपण एवढी वर्षं गावं पालथी घातली.

ती मुलगी दहाएक वर्षांची असेल, एकदा प्रयोगशाळेत येऊन तिनं आपणच बाही वर केली. "माझं बी बघा की." नळी कागदापुढं धरून ती डोळे बारीक करून बघत राहिली. "रेघ दिसत न्हाय, बाई." तुम्ही तिला स्टुलावर बसवलंत. तिला नवं काही सांगायचं नव्हतं, चपलांचं सगळं तिला पाठ होतं. "तुझी एक तुटकी, एक चांगली," तुम्ही म्हणालात. "तू पळशील, शिकशील, माझ्यासारखी भांडकुदळ म्हातारी हुशील. फकस्त लग्नाच्या वक्ताला पोराचं रक्त बघायचं. रेघ दिसली तरच हार घालायचा."

"आणि त्यो रक्त देत न्हाय म्हणला तर?"

"तर त्येला म्हणायचं, चालू लाग."

ती खो-खो हसली. मग वॉर्डात तेच चालायचं. सुई घेऊन नर्स आली की भावाच्या वतीनं ती म्हणायची, "चालू लाग!" तो भाऊ आठव्या वर्षी गेला. बाहेरच्या रक्ताबरोबर आलेलं लोह हृदयात साठत गेलं आणि ते काढायचं औषध त्याच्यापर्यंत वेळेवर पोचलं नाही. आपण उचगावात त्यांच्या घरी जाऊन रिक्षानं परत आलो. उतरताना तुम्ही म्हणालात, "भाऊ गेला आपल्या हातातनं. ह्या पोरीचं पोर धडधाकट निघालं, की माझ्या नोकरीचं पांग फिटलं म्हणायचं."

माझी पीएच.डी. झाली त्या दिवशी तुम्ही मला तो थर्मास दिलात. "हार-तुरं माझ्याकडं न्हाईत. हे घे. आतला वास काय जात न्हाय, च्या पिऊ नको त्यातनं." पुढच्याच वर्षी तुम्ही सकाळी प्रयोगशाळेत यायला निघालात आणि दारातच कोसळलात. त्यावर जास्त लिहीत नाही. आपला निबंध परदेशातल्या नियतकालिकात छापून आला तो त्यानंतर. आपल्या भागातल्या मुलांच्या जनुकात नेमकं कुठलं अक्षर बदललं आहे ते त्यात होतं. पहिलं नाव तुमचं होतं, पुढं कैलासवासी अशा अर्थाची खूण.

आता त्या मुलीचं. ती बारावी झाली आणि पाहुणे बघायला यायला लागले. तिचा बाप फौंड्रीत साचे भरणारा, तुम्ही सांगितलेलं देववाणीसारखं मानणारा. पोहे झाले, प्रश्न झाले, की तो स्वतःच विषय काढायचा. पोरगी धडधाकट आहे, पण रक्तात असं असं आहे, तेवढं मुलाचं रक्त तपासून घ्या. पाहुणे एकमेकांकडं बघायचे. एक जण म्हणाला, "पोरगी नक्षत्रावानी हाय, पर आम्ही रक्ताच्या भानगडीत पडत न्हाय, पावणं." दुसऱ्यानं सरळ विचारलं, "आजारी पोर गळ्यात मारतायसा व्हय?" येणारे येत राहिले, जाणारे जात राहिले, आणि बाई, एकाही पोरानं नळीसाठी हात पुढं केला नाही. हळूहळू येणारेही थांबले. तिचा बाप माझ्याकडं आला. "सर, बाईंनी सांगितल्यालं, लपवायचं न्हाय. न्हाय लपवलं. आता गल्लीत माझ्या पोरीला नासकी म्हणत्यात." मी तिला भेटलो तेव्हा ती हसून म्हणाली, "चालू लाग म्हणायची पाळीच येत न्हाय, सर. ते आपलं आपणच चालू लागत्यात की."

मग तिचा मामा आला. पन्हाळ्याच्या पायथ्याला त्याचं गाव, घरची म्हसरं, दुधाचा धंदा. बहिणीच्या घरी येऊन, सोप्यात उभा राहून तो म्हणाला म्हणे, "माझी भाची हाय ती. कोण तिला नासकी म्हणतोय बघतोच. माझ्या पोराला करून घेतोय." बहिणीला रडू आवरेना. बापानं मेहुण्याचे पाय धरले. मामाच्या घरी भाची जाणं ही आपल्याकडं किती जुनी रीत, तुम्हाला सांगायला नको. आणि हेही तुम्ही जाणता, की जे त्या मुलीच्या रक्तात आहे ते आईकडून आलेलं असेल तर मामाकडं, आणि मामाच्या पोराकडंही, असायची शक्यता बाहेरच्या कुठल्याही पोरापेक्षा कितीतरी जास्त.

मी बर्फ भरून तुमचा थर्मास घेतला आणि मोटरसायकलवरनं त्या गावी गेलो. मामानं मला हाताला धरून सोप्यात बसवलं. "आलासा? बाईंची माणसं म्हंजे आमची माणसं. जेवल्याशिवाय जायाचं न्हाय." त्यानं कोंबडं कापलं, स्वतः वाढलं, माझ्या ताटाला ताट लावून जेवला. मी चपला आत आणून मांडल्या, तुम्ही मांडायचात तशा. तो शांतपणे ऐकत होता. सगळं ऐकून म्हणाला, "सर, तुम्ही म्हणताय ते खरंच असणार. पर असं बगा. साऱ्या जगानं तिला तपासून तपासून टाकली. आता मी बी तपासून घेऊ? घरच्या पोरीला पत्करताना कुणी रक्त बघतंय व्हय? माझंच हाय की ते रक्त."

"म्हणूनच तर," मी म्हणालो.

"आता न्हाय सर," तो हात जोडून म्हणाला. "पोराचं रक्त तपासलं आणि काय निघालं, तर माझ्या बहिणीला मी तोंड कसं दावू? दिलेला शब्द हाय."

बाई, तो माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. मी त्याच्याशी भांडलो असतो. परत येताना वाटेत थांबून थर्मास उघडला तर बर्फाचं पाणी झालं होतं. ते एका करंजाच्या बुंध्याशी ओतलं. मग त्या मुलीला गाठून सांगितलं, की तू तरी बोल, तुला तर सगळं कळतंय. ती खाली बघत म्हणाली, "मामानं मला पदरात घेतलंया, सर. आता त्याच्याच पोराला म्हणू, चालू लाग?" लग्नाला मी गेलो होतो. अक्षताही टाकल्या.

दिवस गेले तेव्हाही ती कुणाला काही बोलली नाही. सासू म्हणजे मामी, नवरा मामाचा पोरगा, आणि सगळे तिला तळहातावर ठेवणारे. त्या तळहातावर बसून रक्त द्या म्हणायची तिची जीभ उचलली नाही. मुलगा सात महिन्यांचा असताना ती त्याला टॉवेलात गुंडाळून प्रयोगशाळेत घेऊन आली, एकटीच. मी अजून काही विचारलं नव्हतं. तिनं बाळाची खालची पापणी बोटानं ओढून मला दाखवली. आत पांढरं होतं. भावाच्या वेळी तुम्हाला करताना तिनं ते शंभरदा पाहिलं होतं.

"दोन्ही तुटक्या आल्या बगा, सर," ती म्हणाली.

रडली नाही. माझ्या टेबलावर बाळ ठेवलं आणि त्याचं झबलं सरळ करत बसली.

काही दिवसांनी मामा आला. बाही वर करून हात टेबलावर ठेवला. "आता घ्या. किती पायजे तेवढं घ्या." मी थेंबभरच घेतलं. नळी कागदापुढं ठेवली. तो वाकून बघत राहिला, खूप वेळ, जणू बघत राहिलं तर ती रेघ दिसेल. मग म्हणाला, "मागं काय न्हाईच की, सर." त्याच्या पोराच्या नळीतही तसंच होतं. तेव्हापासून नातवाच्या प्रत्येक खेपेला तो वॉर्डाबाहेरच्या बाकावर येऊन बसतो. "माझंच रक्त घाला त्येला," म्हणतो. गट जुळत नाही. तरी जमेल तेव्हा रक्तपेढीत जाऊन देतो, दुसऱ्या कुणाच्या पोराला चढेल म्हणून.

मी आता तुमच्या खुर्चीवर बसतो. नळी-रेघ आता लागत नाही, यंत्रात रक्त घातलं की कागद बाहेर येतो. कुठलं अक्षर बदललं आहे ते मी पोटातल्या बाळाचंही सांगू शकतो, विचारायला कुणी आलं तर. पण गावांत आता आपल्या टेबलापुढं फक्त मुलगे उभे राहतात. उचगावच्या पोरीचं सगळ्यांनी ऐकलं आहे. आम्ही येणार म्हटलं की मुलींना त्या दिवशी शेतावर धाडतात, आजोळी धाडतात. बाई, त्यांना सांगितलेलं नाही असं नाही. सांगितलं म्हणूनच ते असं करतात. तुमच्या त्या वाक्याचं काय करायचं ते मला कळत नाही. व्याख्यानात मी ते अजून म्हणतो, आणि म्हणताना मळीचा वास येतो.

गेल्या आठवड्यात तो पोरगा रक्त घ्यायला आला होता. पाच वर्षांचा झालाय, बाकावर बसणाऱ्या आजोबाच्याच तोंडवळ्याचा, मला मामा म्हणतो. आई खाटेच्या पायाशी बसली होती, ती लहानपणी बसायची त्याच जागी. सुई लावून झाल्यावर त्यानं मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "मामा, मी मोठा झाल्यावर बरा हुणार न्हवं? मग सुई न्हाय न्हवं?"

मी त्याच्या आईकडं बघितलं. ती पिशवीतून पडणाऱ्या थेंबांकडं बघत होती. तुमच्या हाताखाली वाढलेली पोरगी. तिला काय खरं ते माझ्याइतकंच माहीत होतं. मला वाटलं ती मान हलवेल, काहीतरी खूण करेल. तिनं काहीच केलं नाही.

"व्हय," मी म्हणालो. "बरा हुणार. मग कुठली सुई?"

तो हसला आणि नर्सकडं बघून ओरडला, "चालू लाग!" कुणी शिकवलं त्याला, मी विचारलं नाही. त्याच्या आईनं पदर तोंडाला लावला.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तुमचा पत्ता असता तर कदाचित लिहिलंही नसतं. आता फक्त एकच सांगायचं राहिलं. सकाळची वंदना मी अजून चुकवत नाही. बायको आणि मुलं मागं बसून म्हणतात, मी पुढं म्हणतो. पण गेल्या आठवड्यापासून तिसरं शील झालं की मी खोकल्याचं निमित्त करतो. चौथं ते आपलं आपण म्हणून घेतात. मग मी पाचव्यापासून पुढं म्हणतो.